वाचक विचारतात : मीठ कुणाचं खाल्लं होतं?

मागच्या अंकात २० जुलै १९४४ रोजी हिटलरवर झालेल्या बॉम्बहल्ल्याबद्दल एका वाचकाला मी चार ओळींचं उत्तर दिलं होतं. त्यात जाता जाता हिटलरला मारण्याच्या कटात सामील असलेल्या आक्सेल फॉन डेम बुशे या जर्मन अधिकाऱ्याचं नाव घेतलं आणि ‘त्याची हकीकत पुन्हा कधीतरी’ म्हणून मोकळी झाले. तीस वर्षं जर्मन शिकवून निवृत्त झालेल्या बाईनं असं अर्धवट वाक्य टाकायला नको होतं. टपालाचा गठ्ठा आला. संपादकांनी सांगितलं की या महिन्याचं पान याच विषयाला द्या, तांब्याची भांडी कशी उजळावी हे लोक पुढच्या महिन्यात वाचतील.

बुशे यांची हकीकत सांगाच. ते वाचले कसे?
– एक वाचक, सांगली

जन्म २४ एप्रिल १९१९, ब्राउनश्वाइग. आई डॅनिश. शाळा संपल्यावर पॉट्सडॅमच्या नवव्या पायदळ रेजिमेंटमध्ये भरती झाला. तिथं सरदारघराण्यांतली पोरं इतकी, की लोक रेजिमेंटलाच चेष्टेनं ‘काउंट नऊ’ म्हणत. बुशे जवळजवळ दोन मीटर उंच, राजबिंडा, लढाईत धाडसी. पुढं हीच उंची आणि हेच रूप कामी येणार होतं.

ऑक्टोबर १९४२ मध्ये तो युक्रेनमधल्या दुब्नो या गावी होता. ५ तारखेला गावाजवळच्या विमानतळावर त्यानं पाहिलं : मोठे खड्डे खणलेले, आणि त्यांच्याकडे सरकणारी माणसांची रांग. बाया, म्हातारे, कडेवर लेकरं, सगळ्यांच्या अंगावरचे कपडे उतरवलेले. ते दुब्नोचे ज्यू होते. एसएसची, म्हणजे हिटलरच्या पक्षाच्या सशस्त्र दलाची, माणसं त्यांना खड्ड्यात उतरवून, आधीच्या प्रेतांवर झोपवून गोळ्या घालत होती. दोन दिवसांत सुमारे तीन हजार माणसं गेली. कुणी ओरडत नव्हतं.

याच दिवशी, याच जागी आणखी एक जर्मन हजर होता. हेरमान ग्रेबे, बांधकाम कंपनीचा इंजिनिअर. त्याची शपथेवरची साक्ष पुढं न्यूरेंबर्ग खटल्यात आली. तो सांगतो, रांगेतून जाताना काळ्या केसांची एक सडपातळ मुलगी त्याच्याजवळून गेली. तिनं स्वतःकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, ‘तेवीस वर्षं.’

हा उतारा मी वर्गात कितीतरी वर्षं शिकवला. भूतकाळाची रूपं काढून घ्यायला बरा पडायचा, हे आज लिहितानाही लाज वाटते. बुशेची जन्मतारीख आणि ही साक्ष शेजारी ठेवून बघायचं मला निवृत्तीनंतर सुचलं. त्या दिवशी तोही तेवीस वर्षांचाच होता.

पुढं आयुष्यभर तो सांगत राहिला, की खरं तर मी गणवेश उतरवून त्या रांगेत उभं राहायला हवं होतं. तो राहिला नाही. परत गेला, लढत राहिला, आणि त्याच्या डोक्यात एक हिशेब पक्का झाला. अब्रू राखायची तर अधिकाऱ्यापुढं तीनच वाटा : लढाईत मरा, सैन्य सोडून पळा, नाहीतर बंड करा.

वर्षभरानं, १९४३ च्या शरदात, त्याच्याच रेजिमेंटशी नातं असलेल्या फ्रिट्स-डीटलोफ फॉन डेर शुलेनबुर्गच्या ओळखीनं तो क्लाउस फॉन श्टाउफेनबेर्गला भेटला. २० जुलैचा बॉम्ब पुढं ठेवला तो यानंच. श्टाउफेनबेर्गनं ट्युनिशियात डावा डोळा, उजवा हात आणि डाव्या हाताची दोन बोटं गमावली होती. त्यानं विचारलं, हा म्हणाला, करतो.

बेत साधा होता आणि अंगावर काटा आणणारा होता. पूर्व आघाडीसाठी शिवलेले नवे हिवाळी गणवेश हिटलरला दाखवायचे होते. ते अंगावर चढवून माहिती सांगायला अनुभवी अधिकारी हवा. असा उंचापुरा, पदकं मिळवलेला जवान कुणाला नको? बुशेनं स्फोटकं कपड्यांखाली बांधायची, हिटलर जवळ आला की वात ओढायची आणि त्याला मिठी मारायची. ब्रिटिश बनावटीची दहा मिनिटांची वात आवाज करत नसे, पण इतका वेळ हिटलर एका जागी थांबेल याचा काय भरवसा? म्हणून त्यानं जर्मन हातबॉम्बची साडेचार सेकंदांची वात पत्करली. ती सुरसुरते. तो आवाज झाकायला खोकायचं, हेही ठरलं होतं.

नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस तो पूर्व प्रशियातल्या हिटलरच्या मुख्यालयात जाऊन थांबला. एक दिवस गेला, दोन गेले. मग निरोप आला : गणवेशांचे नमुने ज्या रेल्वे डब्यात होते तो बर्लिनवरच्या बॉम्बवर्षावात जळाला. दोस्तांच्या विमानांनी त्या दिवशी हिटलरचा जीव वाचवला असंच म्हणायचं. हा आघाडीवर परत गेला आणि जानेवारी १९४४ च्या शेवटी त्याचा पाय तोडावा लागला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या पायात आहे. २० जुलैला श्टाउफेनबेर्गचा बॉम्ब फुटला तेव्हा बुशे होहेनलीशेनच्या दवाखान्यात पडून होता, आणि तो दवाखाना एसएसचा. बेत फसल्याचं कळल्यावर त्या रात्री त्यानं आपली पत्त्यांची वही एकेक पान करून चावून गिळली. त्यात कटातल्या मित्रांची नावं होती. नोव्हेंबरातली न वापरलेली स्फोटकं मात्र अजून सामानात, बॅगेतच! पुढं एका सहकाऱ्यानं ती नेऊन तळ्यात टाकली. पकडलेल्यांपैकी कुणी त्याचं नाव घेतलं नाही. तो १९९३ च्या जानेवारीत गेला, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी.

ही नावं उच्चारायची कशी? टीव्हीवर ‘स्टॉफनबर्ग’ म्हणतात.
– एक वाचक, नाशिक

टीव्हीवर काहीही म्हणतात. श्टाउफेनबेर्ग. शब्दाच्या सुरुवातीला एस आणि टी एकत्र आले की ‘श्ट’. बुशेच्या नावात दोन एस आणि सीएच दिसले तरी घाबरू नका, साधं ‘बुशे’. ‘फॉन’ म्हणजे ‘अमुक गावचे’, आपल्याकडच्या ‘कर’सारखं, पण बहुतेक सरदारांना लावलेलं. नुसतं ‘फॉन’ म्हणून हाक मारू नका, ते ‘कर, इकडे या’ म्हटल्यासारखं होतं.

युद्ध हरायला लागल्यावर जाग आलेल्या या सरदारांचं एवढं कौतुक कशाला? हिटलरच्या विजयात हेच नाचत होते.
– एक वाचक, औरंगाबाद

बरेच नाचत होते. तुमचा राग रास्त आहे आणि मी तो खोडून काढणार नाही. श्टाउफेनबेर्गनं १९३९ मध्ये पोलंडमधून बायकोला लिहिलेल्या पत्रात तिथल्या लोकांना, ज्यूंना ‘रॅबल’ म्हणावं असं हिणवलं आहे. मराठीत सांगायचं तर गाळ. हेनिंग फॉन ट्रेस्को हा कटाचा खरा कारभारी. त्यानं १३ मार्च १९४३ ला स्मोलेन्स्कहून हिटलरच्या विमानात दारूच्या बाटल्या म्हणून बॉम्ब चढवला. थंडीनं तो फुटला नाही. याच ट्रेस्कोची सही जून १९४४ मधल्या एका हुकमावर आहे, आणि तो हुकूम पूर्वेकडची दहा ते चौदा वर्षांची मुलं मजुरीसाठी धरून आणण्याबद्दलचा आहे. दोन्ही कामं एकाच हाताची. कौतुक करणाऱ्यानं हे गिळून टाकू नये.

पण मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना एकच सवय लावली : तारीख बघा. जर्मन लष्कराच्या गुप्तचर खात्यातला अधिकारी हान्स ओस्टर हिटलरला पकडण्याची जुळवाजुळव सप्टेंबर १९३८ मध्ये करत होता. महायुद्ध सुरू व्हायच्या आधी! सेनाप्रमुख लुडविग बेकनं त्याच ऑगस्टमध्ये राजीनामा दिला होता. सप्टेंबरअखेर ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन म्युनिकला जाऊन चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरच्या ताटात वाढून आले आणि ओस्टरचा बेत हवेतच विरला. १९४० मध्ये जर्मनी जिंकत असताना ओस्टरनं हॉलंडच्या लष्करी प्रतिनिधीला हल्ल्याची तारीख कळवली. हरणाऱ्या जहाजावरून उडी मारणारा उंदीर असं करत नाही. आणि बुशेनं दुब्नो पाहिलं ते ऑक्टोबर १९४२ मध्ये. जर्मन फौजेची स्टालिनग्राडची शरणागती, जिथून युद्ध फिरलं, ती फेब्रुवारी १९४३ ची.

तुमच्या पत्रात नसलेला, पण असायला हवा होता असा माणूस मीच आठवून देते. गेओर्ग एल्झर, सुतार. ना फॉन, ना रेजिमेंट. १९३९ च्या शरदात म्युनिकच्या एका बिअर हॉलमध्ये तो रोज संध्याकाळी जाऊन लपून बसे आणि रात्रभर गुडघे टेकून व्यासपीठामागचा खांब पोखरी. अशा तीसहून जास्त रात्री. ८ नोव्हेंबरला ९ वाजून २० मिनिटांनी त्याचा बॉम्ब ठरल्या वेळी फुटला. हिटलर तेरा मिनिटं आधी निघून गेला होता. आठजण मेले, निष्पापही. सरदारांना जे कळायला फौजफाटा आणि पाच वर्षं लागली ते या सुताराला एकट्यानं कळलं होतं, हे तुमचं म्हणणं असेल तर मी तुमच्या बाजूची.

मी सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. बाई, शिपाई शपथ घेतो, ती मोडत नाही. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याशी बेइमानी करणाऱ्याला शूर म्हणायला माझी जीभ वळत नाही.
– एक वाचक, सातारा जिल्हा

सुभेदारसाहेब, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या कटवाल्यांतल्या कित्येकांची जीभ तुमच्यासारखीच अडखळली होती. सेनापतींना विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं : शपथ.

आधी शपथ कुणाची ते पाहू. २ ऑगस्ट १९३४ ला वृद्ध राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग वारला आणि त्याच दिवशी सगळ्या सैन्याकडून नवी शपथ वदवून घेतली गेली. त्यात देश नाही, घटना नाही, कायदा नाही. ‘देवासमोर ही पवित्र शपथ घेतो, की जर्मन राष्ट्राचा आणि जनतेचा फ्युरर अॅडॉल्फ हिटलर याची आज्ञा मी विनाअट पाळीन.’ एका माणसाचं नाव, आणि ‘विनाअट’. तुम्ही शपथ घेतलीत ती राज्यघटनेशी निष्ठेची. ही आणि ती एका तराजूत घालू नका.

बुशेनं युद्धानंतर ग्योटिंगेनला कायदा शिकत असताना, १९४७ मध्ये, विद्यापीठाच्या वृत्तपत्रात याच विषयावर लिहिलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : शपथ दोन्ही बाजूंना बांधते. देवाला साक्षी ठेवून ती ज्यानं घ्यायला लावली त्यानंच ती हजारदा मोडली, मग माझ्याकडे उरलं काय? शिवाय रंगरुटाला कायद्याचं एक कलम शिकवलेलं असतं. स्वतःवर किंवा दुसऱ्या कुणावर अन्यायानं हल्ला होत असेल तर तो परतवायचा हक्क. दुब्नोच्या रांगेत तो ‘दुसरा कुणी’ उभा होता.

आता मीठ. हे माझं स्वतःचं म्हणणं, बुशेचं नाही. सैन्याचं मीठ राजाच्या खाजगी डब्यातून येत नाही, रयतेच्या करातून येतं. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी सुमारे एक लाख जर्मन ज्यू लढले आणि बारा हजार मेले. त्यांच्या पोराबाळांचं नागरिकत्व हिटलरनं १९३५ मध्ये कायद्यानं काढून घेतलं. नवव्या रेजिमेंटच्या भाकरीतल्या मिठात या लोकांचाही वाटा होता. मग खाल्ल्या मिठाला जागायचं तर कुणाच्या बाजूनं उभं राहायचं?

तुम्ही एकटे नाही हेही सांगते. युद्धानंतर जर्मनीतही या लोकांना गद्दार म्हणणारे पुष्कळ होते, त्यांच्या विधवांना पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. ओटो एर्न्स्ट रेमर हा २० जुलैला बर्लिनमधला उठाव मोडून काढणारा अधिकारी. तो १९५१ मध्ये भर सभेत त्यांना देशद्रोही म्हणाला. सरकारी वकील फ्रिट्स बाउअरनं त्याला कोर्टात खेचलं. १५ मार्च १९५२ ला निकाल लागला : हिटलरचं राज्य हे कायद्याचं राज्यच नव्हतं. रेमरला तीन महिने. खटला चालला ब्राउनश्वाइगला, बुशेच्या जन्मगावी. आजच्या जर्मन सैनिकाची शपथ कुणा माणसाच्या नावानं नसते, आणि ज्या हुकमानं गुन्हा घडेल तो पाळायचा नाही असं त्यांच्या सैनिक कायद्यातच आहे.

जीभ वळली नाही तरी हरकत नाही. पण पुन्हा एक पत्र टाका.

या कटाचा आणि नेताजींचा काही संबंध होता का? व्हॉट्सअॅपवर फिरतंय की नेताजीही कटात होते.
– एक वाचक, कोल्हापूर

व्हॉट्सअॅप मिटवा. नेताजी फेब्रुवारी १९४३ मध्येच पाणबुडीतून जर्मनी सोडून पूर्वेला निघाले होते. पण धागा आहे, आणि तो मजेशीर आहे. जर्मन परराष्ट्र खात्यात ‘विशेष भारत विभाग’ होता, नेताजींच्या कामाची बर्लिनमधली व्यवस्था त्याच्याकडे. त्याचा प्रमुख आडाम फॉन ट्रोट. ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, कायदेपंडित, सैनिक नव्हे. हा गृहस्थ दिवसा नेताजींच्या फायली हलवत होता आणि आडून श्टाउफेनबेर्गला मिळालेला होता. २६ ऑगस्ट १९४४ ला त्याला प्लोत्सेनझे तुरुंगात फाशी दिलं.

आणि सुभेदारसाहेबांसाठी एक जोड : जर्मनीत उभ्या राहिलेल्या आझाद हिंद सेनेच्या शिपायांनी जी शपथ घेतली तिच्यात हिटलरचं नाव होतं, पण ‘भारताच्या लढ्यात, ज्याचे नेते सुभाषचंद्र बोस आहेत’ असं जोडून. ही शपथ लिहिताना कुणीतरी बराच विचार केला असावा.

मी शिकायला बर्लिनला जातेय. यातलं काय बघू?
– एक विद्यार्थिनी, पुणे

बेंडलरब्लॉकला जा. जुनं सैन्य कार्यालय, श्टाउफेनबेर्ग रस्त्यावर. अंगणात हात बांधलेल्या तरुणाचा ब्राँझचा पुतळा आहे. श्टाउफेनबेर्ग आणि त्याच्या तीन साथीदारांना २० जुलैच्या मध्यरात्रीनंतर याच अंगणात, लष्करी मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात गोळ्या घातल्या. वर प्रदर्शन आहे, तिकीट नाही. मग प्लोत्सेनझेला जा. एक विटांची खोली, वर तुळई आणि तिला आकडे. तिथं मी पाच मिनिटांवर थांबू शकले नाही.

मी पहिल्यांदा गेले १९८३ मध्ये, शिक्षकांच्या अभ्यासक्रमासाठी, तेव्हाच्या पश्चिम बर्लिनमध्ये. ज्यांच्याकडे खोली घेतली होती त्या आजीबाई फार प्रेमळ, मला रोज सफरचंदाचा केक. कुठं निघालीस विचारलं, मी बेंडलरब्लॉक म्हटलं. त्यांनी केकवरचा हात मागे घेतला. ‘तिथं कशाला? आमची पोरं आघाडीवर मरत होती तेव्हा यांनी पाठीत सुरी खुपसली.’ त्यांचा धाकटा भाऊ १९४५ मध्ये गेला होता. संध्याकाळी परत आले तर केक टेबलावर झाकून ठेवलेला होता, विषय पुन्हा निघाला नाही. तुला आता अशी आजी भेटणार नाही. एखादा नातू भेटला तर विचार.

हे सगळं तिकडचं. तेव्हा आपली माणसं काय करत होती?
– एक वाचक, संगमनेर

संगमनेरकरांनी हा प्रश्न विचारावा? तुमच्याच तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव! मराठा लाइट इन्फंट्रीच्या या शिपायानं इटलीत सेनिओ नदीवर दोन जखमी साथीदारांना गोळीबारातून उचलून आणलं, मग तीन मशीनगनची ठाणी एकट्यानं उडवली, आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून जिवंत परत आले. ती तारीख ९ एप्रिल १९४५. त्याच ९ एप्रिलला हान्स ओस्टरला फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत फाशी दिलं, आणि एल्झर सुताराला डाखाऊमध्ये गोळी घातली. त्याआधी १० जुलै १९४४ ला, म्हणजे श्टाउफेनबेर्गच्या बॉम्बच्या दहाच दिवस आधी, नाईक यशवंत घाडगे तायबर नदीच्या खोऱ्यात एकटेच मशीनगनवर धावून गेले आणि तिथंच पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांचा पुतळा रायगड जिल्ह्यात माणगावला आहे.

माझे वडील तेव्हा इटलीतच होते, याच रेजिमेंटमध्ये. ते लढाईबद्दल बोलत नसत. मी जर्मन शिकायला लागले तेव्हा म्हणाले, मलापण येतं की, आणि दोन्ही हात वर करून ओरडले, ‘हँडी हो!’ मी लगेच सुधारलं, ‘आबा, ते हेंडे होख.’ ते म्हणाले, ‘असेल. समोरच्याला तेवढ्यात कळायचं.’